पंधरा ऑगस्ट : योग आणि योगायोग

दिनदर्शिकेच्या एका लहानशा चौकटीत किती इतिहास मावू शकतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. दुधाचा खाडा, गॅसची नोंद, मुलांच्या परीक्षा, कुणाच्या तरी महिन्याची मिस्सा अशा नोंदींनी ती चौकट भरते आणि महिना सरला की पान मागे उलटते. परंतु काही चौकटींत इतिहासाने फारच दाटी केलेली असते. १५ ऑगस्ट ही तशी एक चौकट आहे. भारतीय कॅथॉलिक माणसाच्या घरी ती दोन कारणांनी तांबडी असते. त्या दिवशी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो आणि त्याच दिवशी आपल्या राष्ट्राचा स्वातंत्र्यदिन असतो. सकाळची मिस्सा आणि त्यानंतरचे ध्वजवंदन ही दोन्ही एकाच प्रांगणात साजरी करण्याची प्रथा आपल्या कितीतरी धर्मग्रामांत आहे.

या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. त्याचे एक सोपे आणि भाविक उत्तर आपल्या परिचयाचे आहे. देवमातेने आपल्या सणाच्या दिवशी आपल्या देशाला स्वातंत्र्याची भेट दिली, असे ते उत्तर. त्यातील भाव गोड आहे. मातेवरील प्रेमातून आणि देशावरील प्रेमातून तो उमललेला आहे, यात शंका नाही. तथापि, हे विधान इतिहासाच्या आणि श्रद्धेच्या दोन्ही कसोट्यांवर घासून पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते. कारण तारखांच्या जुळणीत ईश्वराचे हस्ताक्षर वाचण्याची सवय एकदा जडली की ती आपल्याला कुठपर्यंत घेऊन जाईल, हे सांगता येत नाही. म्हणून या लेखात आम्ही १५ ऑगस्ट या एकाच तारखेस निरनिराळ्या शतकांत घडलेल्या काही घटना वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांतील कोणत्या योगायोगाने जुळल्या, कोणत्या माणसांनी मुद्दाम जुळवल्या आणि त्या जुळणीचा अर्थ आपण कसा लावावा, एवढाच आमचा विषय आहे.

प्रथम सणाची तारीखच पाहू. मरियेच्या ऐहिक जीवनाची अखेर कोणत्या दिवशी झाली, हे पवित्र शास्त्रात कोठेही सांगितलेले नाही. पाचव्या शतकात जेरुसलेमची ख्रिस्तसभा १५ ऑगस्ट रोजी देवमातेचा सण पाळीत असे. इ. स. ४३१ मध्ये एफेससच्या धर्मपरिषदेने मरियेच्या 'देवमाता' या बिरुदावर शिक्कामोर्तब केले आणि तिच्या सन्मानार्थ होणाऱ्या सणांना बहर आला. पुढे सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात व सातव्याच्या उंबरठ्यावर राज्य करणाऱ्या मॉरिस या बायझंटाईन सम्राटाने (५८२–६०२) आपल्या साम्राज्यात हा सण १५ ऑगस्टलाच पाळावा, असा आदेश काढला. सातव्या शतकात हा सण रोमला पोहोचला. पोप बारावे पायस यांनी स्वर्गोन्नयनाची शिकवण श्रद्धासिद्धांत म्हणून घोषित केली ती १ नोव्हेंबर १९५० रोजी, म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यावर तीन वर्षांनी. तात्पर्य, १५ ऑगस्ट ही घटना घडल्याची तारीख म्हणून आपल्याकडे आलेली नाही. ख्रिस्तसभेने स्मरणासाठी ठरवलेली ती तारीख आहे. हा भेद लहान वाटला तरी पुढील सर्व विवेचनाचा पाया तोच आहे.

स्मरणाची तारीख एकदा रूढ झाली की माणसे तिच्याभोवती आपले संकल्प बांधू लागतात. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसमधील माँमार्त्र टेकडीवरील संत डेनिस यांच्या लहानशा देवळात सात विद्यार्थी जमले. इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर, पीटर फेबर, लायनेझ, साल्मेरॉन, बोबादिया आणि सिमाव रॉड्रिग्ज हे ते सात जण. त्यांच्यापैकी एकटे फेबर धर्मगुरू होते आणि त्यांचीही दीक्षा जेमतेम अडीच महिन्यांपूर्वीची. त्यांनी मिस्सा अर्पण केली. सर्वांनी दारिद्र्याचे व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. जेरुसलेमला जाऊन सेवा करायची आणि ते शक्य न झाल्यास पोपमहोदयांच्या स्वाधीन व्हायचे, असे ठरले. पुढे व्हेनिस व तुर्क यांच्या संघर्षामुळे त्यांना जहाज मिळाले नाही. त्यातून येशूसंघ जन्मास आला व १५४० मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. या मंडळींनी १५ ऑगस्ट हा दिवस विचारपूर्वक निवडला होता. त्यानंतरच्या दोन वर्षी त्यांनी त्याच दिवशी आपल्या व्रतांचे नूतनीकरणही केले. येथे योगायोग नाही. येथे माणसाची निवड आहे.

त्या सातांपैकी एक, संत फ्रान्सिस झेवियर, ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. सात वर्षांनी, १५४९ च्या एप्रिलात, ते गोव्याहून जपानला निघाले. सोबत कोस्मे द तोरेस हे धर्मगुरू व हुआन फर्नांडिस हे धर्मबंधू होते. आदल्या वर्षी गोव्यातच बाप्तिस्मा घेतलेला आंजिरो हा जपानी गृहस्थ वाटाड्या व दुभाषा म्हणून बरोबर होता. मलाक्का येथे त्यांना एका चिनी गलबतात जागा मिळाली. गलबताचा नाखवा मनस्वी होता. वाटेत चीनच्या किनाऱ्यावर हिवाळा काढण्याचा त्याचा विचार होता. परंतु पुढील बंदरात चाचे असल्याची वार्ता आली, वाराही जपानच्या दिशेचा होता आणि गलबत सरळ कागोशिमास लागले. तो दिवस होता १५ ऑगस्ट १५४९. झेवियर यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात गोव्याच्या आपल्या बंधूंना लिहिलेल्या दीर्घ पत्रात, आपण देवमातेच्या सणाच्या दिवशी जपानच्या भूमीवर पाऊल ठेवले, याची आवर्जून नोंद केली आहे. माँमार्त्रच्या व्रताला बरोबर पंधरा वर्षे पूर्ण होत होती. हा दिवस झेवियर यांनी निवडलेला नव्हता. तो वाऱ्याने, चाच्यांनी आणि एका नाखव्याच्या मर्जीने ठरवला होता.

येथे एका गमतीदार अडचणीचा उल्लेख करावयास हवा. १५४९ साली युरोपात जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती. ती सूर्याच्या मागे पडत चालली होती. येशूसंघीय गणिती क्लॅव्हियस व इतर विद्वानांच्या साहाय्याने पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये तिच्यात सुधारणा केली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर म्हणून मोजण्यात आला; दहा तारखा गाळल्या गेल्या. आविलाच्या संत तेरेजा यांचे निधन नेमके त्याच रात्री झाले, म्हणून त्यांचा सण १५ ऑक्टोबरला येतो. शेक्सपियर आणि सर्व्हांटिस हे दोघेही २३ एप्रिल १६१६ रोजी वारले असे म्हटले जाते. परंतु स्पेनने नवी दिनदर्शिका स्वीकारली होती व इंग्लंडने ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही, त्यामुळे त्या एकाच तारखेचे दोन दिवस प्रत्यक्षात दहा दिवसांच्या अंतराने उजाडले होते. याच हिशोबाने झेवियर कागोशिमास उतरले तो दिवस आजच्या मोजणीप्रमाणे २५ ऑगस्ट ठरतो. खुद्द जपानी लोकांच्या लेखी तर तो तेनबुन शकाच्या अठराव्या वर्षातील सातव्या महिन्याचा बाविसावा दिवस होता. शिवजयंती तिथीने करावी की तारखेने, हा वाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही अडचण चटकन कळेल. 'एकच दिवस' हा बहुतेक वेळा माणसांनी आपसांत केलेला एक करार असतो. तो करार मोडीत काढावा असे आम्ही म्हणत नाही; त्याच्याविना सण नाहीत आणि स्मरणही नाही. मात्र नक्षत्रांनी लिहिलेला लेख म्हणून त्याच्याकडे पाहू नये, एवढेच.

कधी कधी सत्ताधीश हा करार स्वतःच्या सोयीने वाकवतात. नेपोलियन बोनापार्टचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ चा. फ्रान्समध्ये राजा तेरावा लुई याने १६३८ साली आपले राज्य मरियेला समर्पित केले होते व तेव्हापासून या दिवशी तेथे मिरवणूक निघत असे. सम्राट झाल्यावर नेपोलियनने १८०६ मध्ये फर्मान काढून त्याच दिवशी 'संत नेपोलियन' यांचा सण सुरू केला. अशा नावाचा संत कोणाच्या ऐकिवात नव्हता. शेवटी जुन्या हुतात्म्यांच्या यादीतून नावाशी मिळतेजुळते एक नाव शोधून काढण्यात आले आणि देवमातेच्या सणावर सम्राटाचा वाढदिवस चढवण्यात आला. सम्राट गेला तसा हा सणही गेला. पुतण्याच्या राजवटीत तो काही वर्षे परतला आणि १८७० मध्ये कायमचा मावळला. मरियेचा सण होता तेथेच राहिला.

आता आपण पुन्हा जपानकडे वळू. कारण १५ ऑगस्टचा सर्वांत अवघड प्रश्न तेथे उभा राहतो. झेवियर यांनी लावलेले रोप जोमाने वाढले आणि तितक्याच वेगाने त्यावर कुऱ्हाड आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ ख्रिस्ती जणांना क्रुसावर खिळण्यात आले. त्यांत मूळचे वसईचे फ्रान्सिस्कन धर्मबंधू गोन्सालो गार्सिया होते. ते आधी येशूसंघीयांचे साहाय्यक म्हणून व पुढे व्यापारी म्हणून पूर्वेकडे वावरले होते. जपानी भाषा उत्तम येत असल्याने ते आपल्या बंधूंचे दुभाषे बनले. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना व त्यांच्या सोबत्यांना संतपद बहाल केले. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. त्यानंतर अडीच शतके नागासाकीजवळच्या उराकामी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी धर्मगुरूंवाचून, देवळावाचून, बाप्तिस्मा व प्रार्थना पिढ्यान्पिढ्या गुप्तपणे जपल्या. १७ मार्च १८६५ रोजी त्यांच्यापैकी काही जण नागासाकीतील ओउरा येथील नव्या देवळात फादर प्तिजाँ यांच्याकडे आले, आपलेही हृदय तेच आहे असे त्यांनी हळूच सांगितले आणि मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. या धैर्याची शिक्षा म्हणून पुढील काही वर्षांत उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले व त्यांतील सहाशेहून अधिक जण मरण पावले. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले आणि लोक परतले. (जपानने ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारली तेही याच वर्षी.) ज्या गावप्रमुखाच्या वाड्यात त्यांच्या पूर्वजांना ख्रिस्ताची व मरियेची प्रतिमा पायांखाली तुडवायला लावीत, तीच जागा त्यांनी विकत घेतली व तेथे देऊळ बांधले. १८९५ मध्ये काम सुरू झाले आणि १९१४ मध्ये ते वापरात आले. ते निष्कलंक मरियेला अर्पण केलेले होते.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी याच खोऱ्यावर अणुबाँब फुटला. विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा हे शहर होते. तेथे ढग व धूर असल्याने विमान नागासाकीकडे वळले. तेथेही ढग होते आणि बाँब ठरलेल्या जागेपासून बराच उत्तरेस, उराकामीवर पडला. देऊळ स्फोटबिंदूपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर होते. त्या वेळी देवळात दोन धर्मगुरू पापनिवेदने ऐकत होते, कारण स्वर्गोन्नयनाचा सण सहा दिवसांवर आला होता. ते धर्मगुरू आणि रांगेतील भाविक, कोणीही वाचले नाही. उराकामीच्या सुमारे बारा हजार कॅथॉलिकांपैकी साडेआठ हजार त्या बाँबने मारले गेले. अडीच शतकांच्या छळाने जे साधले नाही ते एका क्षणाने साधले. सहा दिवसांनी, १५ ऑगस्ट रोजी दुपारी बारा वाजता, सम्राट हिरोहितो यांचा आवाज जपानी प्रजेने रेडिओवर प्रथमच ऐकला: जपानने शरणागती पत्करली होती. उरलेल्या उराकामीकरांसाठी तो देवमातेचा सण होता.

त्या वाचलेल्यांत डॉक्टर ताकाशी नागाई हे क्ष-किरणतज्ज्ञ होते. त्यांची पत्नी मिदोरी घराच्या राखेत सापडली. जवळ तिची जपमाळ होती. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी देवळाच्या भग्नावशेषांत मृतांसाठी मिस्सा झाली, तेव्हा नागाई यांनी जमलेल्या शोकाकुल लोकांपुढे भाषण केले. युद्धाचा शेवट मरियेच्या सणादिवशी व्हावा आणि उद्ध्वस्त झालेले देऊळ मरियेलाच अर्पण केलेले असावे, हा केवळ योगायोग का, असा प्रश्न त्यांनी विचारला. जगाच्या पापांसाठी अर्पण करावयाचा निर्दोष कोकरू म्हणून उराकामीची निवड झाली, असा अर्थ त्यांनी लावला. ज्याचे सर्वस्व गेले त्याने उभ्या गावाला दिलेला तो आधार होता. अशा माणसाच्या शब्दांना हात लावताना आमची लेखणी अडखळते.

तरीही प्रश्न उरतोच, आणि तो पुढे जपानमध्येही विचारला गेला. हे मरण ईश्वराने मागितलेला होमबली असेल, तर ज्यांनी युद्ध पेटवले व ज्यांनी बाँब टाकला त्यांच्या जबाबदारीचे काय? नागासाकीतच शहराच्या दुसऱ्या बाजूस, डोंगराच्या आडोशाला, संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेला मठ होता. डोंगरामुळे तो बचावला. (खुद्द कोल्बे १४ ऑगस्ट १९४१ रोजी आउश्वित्झच्या छळछावणीत एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी मृत्यू पत्करून गेले होते, त्यांच्या देहाचे दहन झाले ते १५ ऑगस्टला.) मठ वाचला ही मरियेची कृपा म्हणावी, तर मरियेच्याच देवळात मरियेच्याच सणाची तयारी करणाऱ्यांना काय सांगावे? एका डोंगराच्या अलीकडच्यांवर तिचे प्रेम होते आणि पलीकडच्यांवर नव्हते, असे कोणता श्रद्धावंत म्हणेल? फेब्रुवारी १९८१ मध्ये हिरोशिमा येथे बोलताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी, युद्ध हे माणसाचे कृत्य आहे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. हा अनर्थ देवाच्या इच्छेने ओढवला असे मानून मूकपणे जगणाऱ्या अनेक नागासाकीकरांना त्या वाक्याने मोकळे केले.

प्रभू येशूपुढेही असाच प्रश्न आला होता. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय? प्रभूने तसे मानण्यास स्पष्ट नकार दिला आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवले. लूकच्या शुभवर्तमानातील या प्रसंगाचे आम्हांस नेहमी नवल वाटते. अपघातातून मेलेल्यांविषयी निष्कर्ष काढू नका, तो जिवंतांना हाक देतो, असा त्याचा रोख आहे. तारखांच्या जुळणीलाही हीच कसोटी लावावी, असे आमचे नम्र मत आहे.

आता आपल्या स्वातंत्र्याच्या तारखेकडे येऊ. ती कोठून आली? २० फेब्रुवारी १९४७ रोजी ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत सत्तांतर करण्याचे जाहीर केले होते. परंतु व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी ४ जून १९४७ च्या पत्रकार परिषदेत १५ ऑगस्ट ही तारीख सांगितली. ही तारीख का, याचे कारण त्यांनी पुढे स्वतःच दिले: जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वाढदिवस होता. आग्नेय आशियातील दोस्त फौजांचे ते सरसेनापती होते आणि तो दिवस त्यांच्या विजयाचा होता. म्हणजे आपल्या राष्ट्राच्या जन्मतिथीची कारणपरंपरा थेट टोकियोच्या त्या रेडिओपर्यंत आणि पर्यायाने हिरोशिमा-नागासाकीच्या राखेपर्यंत पोहोचते. मरियेच्या सणाचा विचार या निर्णयात कोणी केल्याचे दिसत नाही. ज्योतिषांनी हा दिवस अशुभ ठरवला होता, म्हणून संविधान सभा १४ ऑगस्टच्या रात्री अकरा वाजता भरली आणि मध्यरात्रीचा मुहूर्त साधला गेला. त्याच कायद्याने जन्मलेल्या पाकिस्तानच्या १९४८ सालच्या पहिल्या टपाल तिकिटांवर १५ ऑगस्ट १९४७ हीच तारीख छापलेली आहे. तेथील स्वातंत्र्यदिन १४ ऑगस्टला सरकला तो नंतर. एकाच घटनेला दोन तारखा मिळाल्या त्या अशा.

४ जून ते १५ ऑगस्ट हे अंतर बहात्तर दिवसांचे आहे. तेवढ्या अवधीत एका उपखंडाची वाटणी उरकण्यात आली. सीमा आखणारे रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात आले आणि त्यांचा निवाडा प्रसिद्ध झाला तो १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन दिवसांनी. आपले गाव कोणत्या देशात आहे हे ठाऊक नसताना पंजाब व बंगालमधील लोकांनी तो दिवस पाहिला. लाखो माणसे मारली गेली, कोटीहून अधिक निर्वासित झाली. एका सेनापतीला आपल्या विजयाचा दिवस प्रिय होता, ही गोष्ट त्या घाईच्या कारणांपैकी एक आहे. स्वातंत्र्य ही देवमातेची भेट असे म्हणणाऱ्याने मग फाळणीची भेट कोणाची, या प्रश्नाला तोंड दिले पाहिजे. मरियेला त्या रक्ताच्या हिशोबात ओढण्यापेक्षा, तिच्या सणाच्या दिवशी तो हिशोब माणसांच्या नावावर मांडणे आम्हांस अधिक भक्तीचे वाटते.

त्या दिवशी गांधीजी दिल्लीत नव्हते. कलकत्त्यातील बेलियाघाट येथील हैदरी मंझिल या मोडकळीला आलेल्या घरात त्यांनी उपवास, प्रार्थना आणि सूतकताई यांत तो दिवस घालवला. तोच महादेवभाई देसाई यांचा पाचवा स्मृतिदिन होता. १९४२ च्या ९ ऑगस्टला मुंबईत गांधीजींसोबत अटक झालेल्या महादेवभाईंचे सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, पुण्याच्या आगाखान महालातील बंदिवासात हृदयविकाराने निधन झाले. पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र होईल, हे त्यांना चिता देणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक असणार? आज त्या महालाच्या आवारात कस्तुरबांच्या समाधीशेजारी त्यांची समाधी आहे. पुण्यास जाणाऱ्या आमच्या वाचकांनी ती अवश्य पाहावी.

आणि शेवटी गोवा. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींच्या तीन तुकड्या पोर्तुगीज हद्दीत शिरल्या. त्यांचे नेते होते आल्फ्रेड आफोन्सो, टोनी डिसोझा आणि मार्क फर्नांडिस. आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. त्या किल्ल्याच्या आत संत अंतोनीचे देऊळ आहे. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीच्या हाकेला ओ देऊन देशभरातून हजारो निःशस्त्र सत्याग्रही सीमेवर आले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. पत्रादेवीला पडलेला कर्नेल सिंग हा तरुण शिक्षक पंजाबातून आला होता. गोळ्या झाडणारी राजवट स्वतःला कॅथॉलिक म्हणवीत होती व तिच्याही दिनदर्शिकेत तो दिवस मरियेच्या सणाचाच होता. तेरेखोलवर ध्वज लावणारा आफोन्सोही ख्रिस्तीच होता. 'तुमचा सण कोणता, देवाचा की देशाचा?' असे कधी कोणी आपल्याला विचारले, तर या दोन वर्षांचा इतिहास सांगावा. तारीख दोन्ही बाजूंना सारखीच उपलब्ध होती. तिच्यावर काय लिहायचे, ते ज्याने त्याने ठरवले.

आमच्या विवेचनाचा सारांश थोडक्यात असा. प्राचीन ख्रिस्तसभा आपल्या हुतात्म्यांची नावे, त्यांच्या मृत्यूची तारीख आणि दफनाची जागा एवढेच नोंदवून ठेवी. रोममधील इ. स. ३५४ ची अशी यादी आजही उपलब्ध आहे. त्या यादीत शकुन नाहीत आणि तारखांची गणितेही नाहीत. अमुक दिवशी अमुक ठिकाणी जमायचे आणि विसरायचे नाही, एवढाच तिचा अर्थ. स्मरणाचे हे साधे शास्त्र आपण १५ ऑगस्टला लावू शकतो. सणाची मिस्सा व्हावी, ध्वज चढावा, मुलांना मिठाई वाटावी. त्यांतले काहीही कमी करू नये. पण श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्या दिवशी आणखी तीन विनंत्या घालाव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली, पापनिवेदनासाठी रांगेत असताना मारल्या गेलेल्या उराकामीच्या भाविकांसाठी. दुसरी, फाळणीत बळी पडलेल्या हिंदू, मुसलमान व शीख बांधवांसाठी. तिसरी, पत्रादेवीला व अन्य सीमांवर निःशस्त्र पडलेल्या सत्याग्रहींसाठी. ज्या मातेने आपल्या पुत्राचा मृतदेह मांडीवर घेतला, तिला या विनंत्या परक्या वाटणार नाहीत. या वर्षी १५ ऑगस्टच्या मिस्सेची तयारी करणाऱ्या मंडळींनी त्या आधीच लिहून ठेवल्या, तर ऐन वेळी घाई होणार नाही.